दोनशे चाळीस दांड्या आणि दीड वीत पट्टी

आवाज मोजण्यात माझा हात धरेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे मला स्वतःच सांगावं लागतं, कारण ज्यांनी सांगायचं ते सगळे कान गमावून घरी बसलेत. चाळीस वर्षं मी मीटर घेऊन गिरण्यांत फिरलो, छापखान्यांत फिरलो, सिनेमागृहांत फिरलो. एका बँडवाल्याचा ढोल मोजताना माझ्या मीटरचा काटा सुटला तो थेट समोरच्या न्हाव्याच्या आरशात जाऊन रुतला; तो न्हावी अजून त्या काट्याला वळसा घालून लोकांच्या मिशा कापतो. एकदा एका मांजरीच्या नुसत्या घुरघुरण्यावरून मी सांगितलं होतं की हिला चार पिल्लं होणार. झाली पाच. पण पाचवं इतकं किरकोळ होतं, की मी त्याला आजही एक-तृतीयांशच धरतो.

तर मंगळवारी दुपारी माझी भाची हातात नोटीस घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी घाबरलो नाही. घाबरायचं काम तिनं जिना चढता चढता उरकलंच होतं.

हिला मी लहानपणापासून ठकी म्हणतो. लाकडी बाहुलीसारखी चौकोनी आणि कितीही आपटली तरी न मोडणारी. अकरा वर्षं ती लाँड्री चालवते. रस्त्याला लागून एक लांबट जागा, डाव्या भिंतीला सहा धुलाई यंत्रं, मागच्या भिंतीला चार ड्रायर, मधे इस्त्रीचं टेबल, आणि त्या टेबलाभोवती सहा बायका, ज्यांची तोंडं यंत्रांपेक्षा जोरात चालतात. एका हॉस्पिटलच्या सगळ्या चादरी तिच्याकडे येतात. सकाळी डागांसकट येतात, संध्याकाळी पापडासारख्या कडक होऊन जातात.

नोटीस कसली, ते तिनं पाणी न पिताच सांगितलं. लाँड्रीच्या बरोबर वर टायपिंगच्या बाई राहतात. आयुष्यभर टायपिंगची शाळा चालवली आणि आता एकट्याच असतात. त्यांच्या उशीपाशी दिवसभर एक 'उंऽऽ' असा आवाज येतो, अशी त्यांची तक्रार. शुक्रवारी अकरा वाजता कार्यालयातून तपासनीस बाई येणार. दुकानदारानं आपला मोजणीवाला आणायचा, मोजणी तक्रारदाराच्या उशीपाशी व्हायची, आणि मीटरच्या पडद्यावरची एकही दांडी पन्नासच्या तांबड्या रेषेच्या वर गेली, तर चारही ड्रायरना त्याच दिवशी सील.

"मामा, ड्रायर गेले म्हणजे लाँड्री गेली," ठकी म्हणाली. "ओल्या चादरी घेऊन मी काय करू, पोहू?"

बरोबरच होतं. हॉस्पिटल एक दिवस थांबलं नसतं. शनिवारी त्या चादरी दुसरीकडे गेल्या असत्या, आणि सोमवारी त्या सहा बायकाही.

मी नोटीस तीनदा वाचली. पहिल्यांदा समजण्यासाठी, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा निव्वळ मजेसाठी. कारण लिहिणाऱ्यानं 'एकही दांडी' असं लिहिलं होतं, पण दांडी केवढी, ते लिहायचं विसरला होता. मला मनातून गुदगुल्या झाल्या. ठकीला म्हटलं, तू घरी जा, चादरी धू, तुझा मामा अजून जिवंत आहे. ती म्हणाली, तीच तर भीती आहे.

बुधवारी दुपारी मी मीटर घेऊन टायपिंगच्या बाईंकडे गेलो. दार उघडायला त्यांनी फार वेळ लावला नाही, पण आत घ्यायला लावला. खालच्या दुकानाचा मामा म्हणजे त्यांच्या लेखी शत्रूचा हेर. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं, बूट काढायला लावले, मग मोजे पाहिले, आणि मगच आत बोलावलं. खोली अशी, की धुळीलाही आत यायची परवानगी घ्यावी लागावी. भिंतीला टेकून एक पलंग, पांढरीशुभ्र चादर, एकच उशी. खिडकीपाशी टेबल, त्यावर टाइपरायटर, त्याला शिवलेलं हिरवं आवरण. आणि टाइपरायटरशेजारी कागदांची चळत, कडेला कड लावून.

ती चळत म्हणजे त्या आवाजाची हजेरी होती. रोजची एक ओळ टाइप केलेली. तारीख, किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला. चौदा महिने एक दिवस चुकला नव्हता. त्यांचा पुतण्या म्हणे त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत, वयाच्या मानानं तर फारच. मग पुतण्या म्हणाला, मग डोक्याचं बघू या. तेव्हापासून पुतण्याला चहा बंद.

हे त्यांनी मला रागानं नाही, हिशेबानं सांगितलं, जणू कुणी विद्यार्थी परीक्षेला आला नाही असं सांगताहेत. मग म्हणाल्या, "तुम्हीही म्हणणार ना, की मला भास होतो?"

मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, मीटर म्हणेल. असं म्हटलं की माणूस मोठा वाटतो.

आता मीटर काय करतो, ते सांगतो. आवाज म्हणजे एकजिनसी माल नव्हे. त्यात तळाचा घुमारा असतो, वरची सळसळ असते, मधे शंभर भानगडी. मीटर त्यांच्या थप्प्या लावतो. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत, म्हणजे एका सप्तकात, जे काही वाजतं ते सगळं एका थप्पीत टाकतो आणि पडद्यावर तेवढी उंच दांडी उभी करतो. अशा दहा दांड्यांत माणसाला ऐकू येणारं सगळं जग मावतं. मी जन्मभर असंच मोजत आलो. दहा दांड्या, एका नजरेत मावतात, उगाच डोळे फोडायला नकोत.

उशीपाशी मीटर धरला. खाली ड्रायर चालू होते. दहापैकी नऊ दांड्या पन्नासच्या खाली गुमान उभ्या राहिल्या, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, त्याहून कमी. आणि एक, खालून तिसरी, त्रेपन्नावर.

म्हणजे शुक्रवारी सील.

माझा अंदाज असा, की चार ड्रायरची मिळून ती घरघर असणार, आणि घरघर काही दोन दिवसांत जात नाही. त्यासाठी भिंत बांधा, यंत्रांखाली रबर घाला, एखादा ड्रायर कमी करा. यातलं काही शुक्रवारपर्यंत होणारं नव्हतं. पण माझ्याकडे औषध होतं. नोटिशीत दांडी केवढी ते लिहिलं नव्हतं ना? मग मी ती बारीक करणार होतो.

खाली जाऊन ठकीला इस्त्रीच्या टेबलापाशी उभं केलं आणि समजावलं. या तीस चादरींची एक थप्पी केली तर ती कमरेएवढी होते. त्याच चादरींच्या तीन थप्प्या केल्या तर? प्रत्येक गुडघ्याखाली. चोवीस केल्या तर जमिनीला चिकटतील. चादरी तेवढ्याच. तसंच मीटरचं एक बटण फिरवलं, की सप्तकाचे तीन हिस्से होतात आणि दहा दांड्यांच्या तीस होतात. आणखी फिरवलं की चोवीस हिस्से. दोनशे चाळीस दांड्या, कंगव्याच्या दातांसारख्या, आणि एकूण एक बुटक्या. तपासनीस बाई येतील, तांबड्या रेषेखाली शेत पाहतील आणि सही करून जातील.

"पण आवाज तेवढाच राहील?" ठकीनं विचारलं.

तेवढाच, मी म्हटलं.

"मग वरच्या बाईंना तो ऐकू येतच राहील."

मी म्हटलं, त्यांचा प्रश्न नंतर पाहू, आधी तुझे ड्रायर. ठकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी तिला चंद्र आणून द्यायचं कबूल करून खोबऱ्याची वाटी दिली होती तेव्हा पाहिलं होतं.  सहा बायकांपैकी एक इस्त्री न थांबवता म्हणाली, की तुमच्या मामांनी संसारातली भांडणंही अशीच चोवीस ठिकाणी वाटून ठेवली असती, तर मामी माहेरी गेल्या नसत्या. यावर पाचजणी हसल्या. मीही हसलो. बायको माहेरी गेली ती तेवीस वर्षांपूर्वी, भाऊ आजारी होता म्हणून, आणि आठ दिवसांत परतही आली होती. पण लोकांना गोष्ट लागते.

संध्याकाळी पुन्हा वर गेलो, रंगीत तालमीला. बाई पलंगाच्या कडेला बसल्या, मी उशीपाशी. बटण फिरवलं. तीन हिस्से. माझ्या बोलण्याप्रमाणे दांड्या धपाधप बसल्या, अठ्ठेचाळीसच्या त्रेचाळीस झाल्या. पण त्या त्रेपन्नच्या जागी ज्या तिघी झाल्या, त्यांच्यातल्या दोघी बसल्या आणि तिसरी बावन्नाच्या वरच. मी मीटर झटकला. चाळीस वर्षांचा अनुभव आहे, झटकल्यावर यंत्र शहाणं होतं. झालं नाही.

चोवीस हिस्से केले. दोनशे एकोणचाळीस दांड्या पार तळाला गेल्या, चौतीस, बत्तीस, तीस. आणि त्या सपाट शेतात एकच दांडी उभी राहिली, विजेच्या खांबासारखी. बावन्न. जितकं बारीक कापावं तितकी ती उठून दिसायला लागली. आजवर माझ्यापुढं ढोल झुकले, भोंगे झुकले. ही दांडी झुकेना.

टायपिंगच्या बाई उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पडद्याला बोट लावलं नाही, त्या बोट लावणाऱ्यांतल्या नव्हत्याच. दोन इंचांवरून दाखवलं.

"हीच ती," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कशावरून? त्यांनी ओठ मिटून एक सूर धरला, अगदी हलका. मी मीटर त्यांच्या तोंडापाशी नेला. पडद्यावर एक दांडी उगवली, आणि ती त्याच घरात उगवली. दोनशे चाळीस घरांतलं नेमकं तेच घर. चौदा महिने त्या सुराशेजारी झोपून बाईंना तो पाठ झाला होता.

मग त्या परत पलंगावर बसल्या आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मला म्हणाल्या, याचा एक फोटो काढून देता का, पुतण्याला दाखवायचाय. मी काढून दिला. त्या दिवशी मला त्या घरात पहिल्यांदा चहा मिळाला, आणि बशीत दोन बिस्किटंही.

खाली येऊन ठकीला सांगितलं, तर तिनं हातातली चादर तशीच धरून एका क्षणात उलगडा केला. म्हणाली, "मामा, त्या थप्पीत लोखंडी कांब असणार. चादरी वाटता येतात. कांब कशी वाटणार? ज्या थप्पीत जाईल तिथं तेवढीच उभी."

चाळीस वर्षं मी हे पुस्तकांत वाचलं होतं, आणि हिनं ते चादरीवरून सांगितलं. घरघर वाटली जाते. शुद्ध एकच सूर वाटला जात नाही. म्हणजे त्या त्रेपन्नात घरघर फारशी नव्हतीच. होता तो एक सूर, आणि तो कुठल्यातरी एकाच वस्तूतून येत होता. माझी लबाडी निकालात निघाली, पण पाणी कुठं मुरतंय ते मात्र त्या लबाडीनंच दाखवलं. पूर्ण सप्तकाच्या दांडीनं मला एवढंच सांगितलं असतं, की हा सूर सेकंदाला अठ्ठ्याऐंशी हेलकाव्यांपासून एकशे सत्त्याहत्तरपर्यंत कुठंही असेल. म्हणजे अमका माणूस या शहरात राहतो, असं सांगण्यासारखं. चोविसाव्या हिश्श्याची दांडी सांगत होती, एकशे पंचेचाळीस ते एकशे एकोणपन्नास. हा म्हणजे घराचा नंबरच झाला.

गुरुवारी आम्ही घर शोधायला निघालो. धुलाई यंत्रांची पिंपं फारच सावकाश फिरतात, ती बाद. ड्रायरची पिंपंही बाद. राहिला तो ड्रायरच्या मागचा पंखा, जो चौघांची गरम हवा ओढून नळकांड्यातून बाहेर टाकतो. चौदा महिन्यांपूर्वी बसवलेला. त्याच्या पत्र्यावर लिहिलं होतं, मिनिटाला बाराशे साठ फेरे. म्हणजे सेकंदाला एकवीस. ठकीनं मागच्या जाळीतून विजेरीचा झोत टाकून पाती मोजण्याचा प्रयत्न केला, पण फिरत्या पंख्याची पाती मोजणं म्हणजे पळत्या पोरांची नावं घेणं. शेवटी पंख्याबरोबर आलेला कागद तिनं गल्ल्याखालून काढला. पाती सात.

एकवीस साते एकशे सत्तेचाळीस.

मी टेबलावर थाप मारली. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, मला काहीतरी चावलं. पण पंखा बंद करून उघडायचा तर ड्रायर बंद करावे लागणार, आणि हॉस्पिटलच्या दोनशे चादरी रांगेत होत्या. ठकी म्हणाली, आज नाही. मी म्हटलं, उद्या अकरा वाजता त्या बाई येणार. ती म्हणाली, मग उद्या दहाला उघडू. भाची कुणाची आहे ते अशा वेळी कळतं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. पंखा सात पात्यांचा असला म्हणून काही गात नाही. पाती हवेत नुसती फिरतात. ती गातात केव्हा, तर त्यांच्या वाटेत अगदी जवळ काहीतरी आडवं असेल तेव्हा. मग प्रत्येक पातं जाता जाता त्या वस्तूला हवेची एक टप्पल मारून जातं. सेकंदाला एकशे सत्तेचाळीस टपला. आता त्या पंख्याच्या तोंडाशी आडवं काय असणार?

शुक्रवारी दहा वाजता ड्रायर बंद झाले. मी कोट घालून आलो होतो, कारण मोजणीवाल्यानं तपासणीला कोट घालावा असं मला वाटतं. त्या कोटासकट मी स्टुलावर चढलो, ठकीनं स्टूल धरलं, आणि मी जाळीचे चार स्क्रू काढले. आत वाकून पाहिलं.

पंख्याच्या तोंडावर, पात्यांपासून बोटभर अंतरावर, एक लोखंडी पट्टी आडवी ठोकलेली होती. दीड वीत लांब. दोन टोकांना दोन स्क्रू, आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर तांबड्या रंगाचा एकेक ठिपका.

तांबडा ठिपका मी लावतो. माझ्या प्रत्येक हत्यारावर, प्रत्येक स्क्रूवर. लोक मागून नेतात आणि परत करत नाहीत म्हणून.

मग सगळं आठवलं. चौदा महिन्यांपूर्वी नवा पंखा बसला, तेव्हा ठकीनं मोठ्या विश्वासानं मला मोजणीला बोलावलं होतं. ड्रायरच्या मागे माझा स्टँड मावेना. मग मी ही पट्टी पंख्याच्या तोंडावर ठोकली, तिला मीटरचा मायक्रोफोन अडकवला, नेहमीच्या दहा दांड्या पाहिल्या, पंखा लाखात एक आहे असं सर्टिफिकेट लिहिलं आणि मायक्रोफोन घेऊन घरी गेलो. पट्टी राहू दिली, पुढच्या मोजणीला उपयोगी पडेल म्हणून. ते सर्टिफिकेट ठकीनं काचेच्या फ्रेममध्ये घालून गल्ल्यावर टांगलं होतं. मी ज्याचा आवाज मोजला, तो आवाज मीच आणला होता, आणि माझ्या दहा दांड्यांनी मला तो दाखवलाही नव्हता.

खालून ठकीनं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, काही नाही, एक पातं जरा रुसलं होतं, त्याची समजूत काढतोय. स्क्रू सोडवले, पट्टी कोटाच्या आतल्या खिशात घातली, जाळी लावली. खाली उतरलो तेव्हा ताठ उभं राहावं लागत होतं, कारण पट्टी बरगडीला लागत होती. ठकी म्हणाली, मामा, आज अगदी ऐटीत दिसताय. घड्याळात पावणेअकरा झाले होते. उशीपाशी पुन्हा मोजून पाहायला वेळच राहिला नाही.

तपासनीस बाई अकराला पाच कमी असतानाच आल्या. तरुण, खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले, आणि बोलणं मोजकं. आम्ही चौघं वरच्या खोलीत जमलो. खाली चारही ड्रायर चालू करायला सांगितले. जमीन किंचित थरथरली. मी मीटर उशीपाशी धरण्याआधीच टायपिंगच्या बाई वाकल्या, उशीजवळ कान नेला आणि तशाच राहिल्या. 

"गेला," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात आनंद कमी आणि अविश्वास जास्त होता. चौदा महिन्यांचा पाहुणा न सांगता गेल्यावर माणूस रिकामी खुर्ची पाहतो, तसं त्या उशीकडे पाहत होत्या.

पण कार्यालयाला कान चालत नाहीत, दांडी लागते. मी मीटर धरला. बटण बुधवारच्याच जागी होतं, चोविसाव्या हिश्श्यावर, आणि खरं सांगायचं तर ते मी मुद्दामच तिथं ठेवलं होतं. सवय सुटत नाही. पडद्यावर दोनशे चाळीस बुटक्या दांड्या, तांबड्या रेषेच्या कितीतरी खाली. खांब नाहीसा झाला होता. मी मीटर तपासनीस बाईंपुढे धरला आणि चेहऱ्यावर शक्य तेवढं म्हातारपण आणलं.

त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, या कंगव्यानं उवा सापडतात. आवाज कमी होत नाही."

मी म्हटलं, नोटिशीत दांडीची रुंदी लिहिलेली नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे, ती नोटीस माझ्या आधीच्या साहेबांनी लिहिली आहे आणि मी रोज त्यांची आठवण काढते. असं म्हणून त्यांनी बटण स्वतःच्या हातानं फिरवलं आणि पूर्ण सप्तकावर आणलं.

ठकीनं माझा कोट मागून घट्ट पकडला. ती थप्प्यांची गोष्ट तिला आता माझ्याइतकीच कळत होती. विखुरलेल्या चादरी परत एकत्र येणार, दांड्या वर चढणार. आणि चढल्याच. चौतीसच्या अठ्ठेचाळीस झाल्या. सगळ्यांची नजर खालून तिसरीवर. ती चढली चाळीसवर, पंचेचाळीसवर, सत्तेचाळीसला थबकली, थोडी हलली आणि तिथंच राहिली. तपासनीस बाईंनी पूर्ण दहा मिनिटं वाट पाहिली. सत्तेचाळीसच्या वर ती गेली नाही. दहा दांड्या, रुंदच्या रुंद, एकही रेषेच्या वर नाही.

ठकीनं कोट सोडला. मला वाटलं, आता चहा.

पण तपासनीस बाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, आवाजाचं कारण. त्यांनी बाईंची चळत मागितली, पहिलं पान पाहिलं. पहिली ओळ चौदा महिन्यांपूर्वीची, दुपारी साडेतीन, सुरू झाला. मग ठकीला विचारलं, त्या दिवशी दुकानात काय झालं होतं? ठकीनं खूप आठवलं. म्हणाली, नवा पंखा त्याच सुमाराला बसला, पण तो मामांनी मोजून उत्तम ठरवला होता, सर्टिफिकेट आहे. आणि बिचारी खाली जाऊन ती फ्रेमच घेऊन आली. त्यावर माझ्या वळणदार अक्षरात तीच तारीख. मोजणीची वेळ, दुपारी साडेतीन.

तपासनीस बाई फ्रेमकडे आणि चळतीकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की कारण सापडलं नाही तर 'दुकानदाराची हयगय' असं लिहावं लागतं, आणि मग वर्षभर दर महिन्याला तपासणी. ठकीनं मान हलवली. म्हणाली, लिहा, ड्रायर चालू राहताहेत तेवढं पुरे.

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या आहेत, की खरं बोलायला तोंड उघडलं तर जीभ वाट चुकते. त्या क्षणी माझ्याकडे निदान तीन झकास गोष्टी तयार होत्या. एकीत पारवा होता. पण ठकीनं 'लिहा' असं इतक्या सहज म्हटलं, की पारवा उडूनच गेला.

"कारण माझ्या खिशात आहे," मी म्हटलं.

पट्टी काढून टाइपरायटरच्या हिरव्या आवरणावर ठेवली. शेजारी दोन स्क्रू, ठिपके वर करून. काय झालं ते सांगितलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझी एवढी छोटी गोष्ट कुणी कधी ऐकली नसेल. टायपिंगच्या बाईंनी पट्टी उचलली, उलटसुलट केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला शाळेत परत बसवल्यासारखं वाटलं.

तपासनीस बाईंनी ओठ आवळून धरले होते, पण डोळे हसत होते. रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला. 'मोजणी'. खाली माझी सही घेतली. जाता जाता म्हणाल्या, की आजोबा, ती पूर्ण सप्तकाची दांडी निकालासाठी ठीक आहे, पण रोग शोधायला बारीकच लागते, नाही का? मी म्हटलं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. मला विद्यार्थी नाहीत, हे त्यांना कुठं माहीत.

जिना उतरताना ठकीनं तीन पायऱ्या टाकल्या. चौथीवर म्हणाली, "पातं रुसलं होतं काय?" आणि मग इतकी हसली, की तिला कठड्याला धरावं लागलं. खाली सहा बायकांना तिनं सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. शेवटी ती भाची माझीच.

ते सर्टिफिकेट आता फ्रेममध्ये नाही. तिथं ती पट्टी आहे, तांबड्या ठिपक्यांच्या स्क्रूंसकट. कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, हे काय? बायका म्हणतात, मामांना विचारा. मी सांगतो. कधी ती बुडालेल्या जहाजाची असते, कधी विजेनं वितळता वितळता राहिलेल्या मनोऱ्याची. ठकी चादरी मोजता मोजता नुसतं वर पाहते, आणि मग मला खरी गोष्ट सांगावी लागते. गंमत अशी, की लोकांचा विश्वास त्या खऱ्या गोष्टीवरच सगळ्यात कमी बसतो.

टायपिंगच्या बाईंनी हजेरीच्या शेवटच्या पानावर शेवटची ओळ टाइप केली, शुक्रवार, अकरा वाजता, बंद, आणि त्याखाली मला सही करायला लावली. पुतण्याचा चहा पुन्हा सुरू झाला. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावणं पाठवलं. गेलो. बूट काढले. त्या म्हणाल्या, तो सूर गेल्यापासून आता बारीकसारीक ऐकू येतं. खाली इस्त्री करणारी एकजण दुपारी गुणगुणते, एकच गाणं, आणि दुसरं कडवं चुकते.

मी लगेच मीटरच्या पिशवीला हात घातला.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला फक्त ते कडवं बरोबर टाइप करून तिला पाठवायचंय. तुम्ही कागद तेवढा खाली न्या. आणि जाता जाता माझ्या घरात काही ठोकू नका."